एकशे सव्वीस लाकडी पाय

मापकाकू माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नाही. आधी पाय बघते, मग चाल, आणि वेळ उरला तर तोंड. रस्त्यात मागून कुणी हाक मारली तर वळायच्या आत ओळखते, कारण हाकेच्या आधी तिला टाचेचा आवाज पोचलेला असतो. तिचा भाचा जन्मला तेव्हा सगळं गणगोत नाक कुणाचं, कपाळ कुणाचं यावर हुज्जत घालत होतं. हिनं दुपट्यातून बाळाचा पाय बाहेर काढला, अंगठा दाबून बघितला आणि सांगितलं, अंगठा बापावर गेलाय, जोडे लवकर फाडणार. बाप शेजारीच बसला होता. त्यानं गुपचूप आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

तिचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, रस्त्यावरून दोन पायऱ्या खाली. आत दोन माणसं शिरली की तिसऱ्यानं पायरीवर बसायचं आणि पाय तेवढा आत द्यायचा. चामड्याचा, मेणाचा आणि खळीचा वास असा दाट की नवखा माणूस दारातच शिंकतो. इथं सरळ पायाचं गिऱ्हाईक येत नाही. त्यांच्यासाठी मोठ्या रस्त्याला काचेची दुकानं आहेत. इथं यायचे ते घडताना घाई झालेले पाय. एक आखूड एक लांब, तळवा आत वळलेला, अंगठ्याच्या बगलेला लिंबाएवढं हाड वर आलेलं, यंत्रात बोटं गेलेली. अशा पायांना तयार जोडा चालत नाही. त्यांना स्वतःचं कलबूत लागतं. कलबूत म्हणजे त्या माणसाच्या पायासारखा हुबेहूब कोरलेला लाकडी पाय. त्याच्यावर चामडं ताणायचं, शिवायचं, सुकू द्यायचं आणि मग कलबूत ओढून काढायचं. राहतो तो जोडा.

ही कलबुतं कोरायचा तिचा सासरा. म्हातारा गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घेऊन, डोळे मिटून, दोन्ही हातांनी इतका वेळ चाचपत बसायचा की नवं गिऱ्हाईक लाजून जांभळं व्हायचं. मग आठ-दहा दिवस तासणी, कानस, परत पाय मांडीवर, परत कानस. लाकडावर खूण म्हणून करायची नाही. टोचलं की लाकूड तिथून चिरतं, असं त्याचं म्हणणं. डावा-उजवा सुतळीनं एकत्र बांधायचा आणि सुतळीला कागदाची चिठ्ठी. डाव्या-उजव्यात मेळ असा नसायचाच. एक हातभर लांब वाटावा तर दुसरा त्याच्यापुढं बोटभर तोकडा. कुणी हसलं तर म्हातारा म्हणायचा, तुझे दोन्ही सारखे असते तर तू इथं कशाला आला असतास.

अशी त्रेसष्ट जोड कलबुतं करून म्हातारा गेला. काकू त्याच्यापेक्षा शिलाईत सरस, हे त्यानं स्वतः कबूल केलेलं. पण लाकूड तासणं तिच्या हाताला कधी आलंच नाही. एकदा तिनं तीन संध्याकाळी खपून एक पाय कोरला होता. तिच्या धाकट्या नणंदेनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, वहिनी, रताळं छान झालंय, पण देठ कुठाय.

म्हणून जेव्हा चोरी झाली तेव्हा काकूचं मशीन गेलं त्याचं तिला दुःख झालं नाही. चामड्याच्या गुंडाळ्या गेल्या त्याचंही नाही. मशीन दुसरं मिळालं, चामडं उधारीवर आलं. पण चोरट्यानं कोपऱ्यातली दोन जड पोतीही नेली होती. आत काहीतरी घबाड आहे असं त्या गाढवाला वाटलं असावं. घरी जाऊन पोती उघडली तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं असणार, एकशे सव्वीस लाकडी पाय. चिठ्ठ्या फाडून त्यानं चुलीत टाकल्या आणि पोती शोभेच्या वस्तूंच्या एका दुकानदाराला विकून मोकळा झाला. त्या दुकानदाराच्या डोक्यात आलं, याचे टेबलावरचे दिवे होतील. वरून भोक पाडायचं, वायर घालायची, बल्ब लावायचा. तीन दिवे त्यानं तयारही केले होते, तेवढ्यात चोर चौथ्या दुकानाचं कुलूप तोडताना सापडला आणि पोलिसांनी सगळा माल उचलला.

मग खटला. चार वर्षं चालला. चार वर्षं काकूची कलबुतं कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत आणि तिची गिऱ्हाइकं विकतच्या बुटात. पोस्टातल्या बाईच्या तळव्याला भोवऱ्या झाल्या. आरागिरणीवाला काठी घेऊन चालायला लागला. काकू पट्टे टाचून द्यायची, टाचेखाली चकत्या घालून द्यायची. म्हणायची, मी दुसऱ्याच्या चुका शिवत बसलेय. साक्षीला गेली तेव्हा चोरानं पिंजऱ्यातून तिला ओळख दिली. हळूच म्हणाला, काकू, पोती लई जड होती हो. काकूनं त्याच्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाली, सपाट तळवे आहेत तुझे, ओझं उचलायचं काम घेऊ नकोस.

चोराला शिक्षा झाली. निकालाच्या शेवटी न्यायाधीश बाईंनी लिहिलं की माल मूळ मालकाला ओळख पटवून परत द्यावा. काकू टेम्पो ठरवायला निघाली, तर दुकानदाराचा अर्ज. त्याचं म्हणणं, चोरानं विकलेली पोती वेगळी, ती कधीच खपली. पोलिसांनी माझ्याकडून उचलली ती एका बंद पडलेल्या बूट कारखान्यातली जुनी कलबुतं. माझी आहेत, मला द्या.

ज्या दिवशी यावर सुनावणी होती तो दिवस मी डोळ्यांनी पाहिला, म्हणून सांगतो.

अकराला कोर्टात माल आला. लांब टेबलावर कलबुतं मांडली. पांढरी कोरी सुतळी, जाड पुठ्ठ्याची लेबलं, एक ते त्रेसष्ट. दुकानदाराचा वकील उठला. गोरा, गुळगुळीत माणूस, बोलताना प्रत्येक शब्द पुसून ठेवल्यासारखा. त्यानं काकूची चार वर्षांपूर्वीची फिर्याद वाचून दाखवली. काकूनंच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं: माझ्या एकाही जोडीतला डावा उजव्यासारखा नाही, हीच माझ्या मालाची ओळख. वकिलानं कागद खाली ठेवला, टेबलावरची पहिली जोडी उचलली आणि तळव्याला तळवा लावून धरला. बरोबर. दुसरी उचलली. बरोबर. तिसरी, दहावी, तिसावी. उचलली ती प्रत्येक जोडी सारखी. तो म्हणाला, कारखान्यात अशाच असतात साहेब, मापाला माप. बाईंचा माल दुसरा कुठला तरी असेल.

काकूच्या शेजारी तिची नणंद बसली होती. तिनं काकूचा हात धरला. काकू उठली, परवानगीबिरवानगी न विचारता टेबलाशी गेली आणि एक जोडी हातात घेतली. अंगठा फिरवला. मग दुसरी. मग ती न्यायाधीश बाईंकडे वळली.

"हा पोस्टातल्या बाईंचा डावा. आणि त्याच्या गळ्यात बांधलाय हा आरागिरणीवाल्याचा उजवा. यांचं लग्न कुणी लावलं?"

कोर्ट हसलं. न्यायाधीश बाईंनी पेन टेबलावर आपटलं. वकीलही हसला, कारण त्याला वाटलं बाई हरली आणि बरळायला लागली. हसला नाही फक्त एक जण. मुद्देमालाचा कारकून.

हा कारकून म्हणजे काटक, नेटका माणूस. पेन्सिली उंचीप्रमाणे लावणारा. मुद्देमालाची खोली त्याच्याकडे आली तेव्हा तिथं उंदरांचं राज्य होतं. त्यानं वर्षभरात प्रत्येक चाकू, प्रत्येक कुलूप पुसून फडताळात लावलं. हा माणूस दारापाशी उभा होता आणि त्याच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता. गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. बायको-पोरं होती, नोकरीची सात वर्षं राहिली होती.  तरी तो टेबलापाशी आला.

"साहेब, मी लावलं."

मग त्यानं सगळं सांगितलं. पोती उघडली तेव्हा जोड्या सुतळीनं बांधलेल्या होत्या, पण एकही जुळत नव्हती. त्याला वाटलं, पोलिसांनी घाईत कशाला काहीही बांधलंय. सरकारी खोलीत असा गबाळेपणा त्याला बघवेना. चार शनिवार तो पोलादी पट्टी घेऊन बसला, सगळ्या गाठी सोडल्या, लांबी मोजली आणि सारख्याला सारखा बांधला. अकरा जोड्या काही केल्या जुळेनात. त्या त्यानं जवळपास म्हणून बांधल्या आणि लेबलाच्या मागं तसं लिहिलंही. कारकुनानं लेबल उलटं करून दाखवलं. सुंदर अक्षरात लिहिलं होतं, जवळपास.

नणंद पुटपुटली, मेल्यानं रांगोळी घातलीय नुसती.

वकिलाची तर चांदी झाली. तो म्हणाला, म्हणजे आता मूळ जोड्या काय होत्या हे जगात कुणालाच माहीत नाही. पंचनाम्यात फक्त नग लिहिलेत. बाई आता वाटेल तसा पाय वाटेल त्या पायाला बांधतील आणि म्हणतील हीच माझी ओळख.

न्यायाधीश बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांची बदली झाली होती, दुसऱ्या दिवसापासून त्या खुर्चीत त्या नसणार होत्या. त्यांनी तसं सरळ सांगितलं. नवीन साहेब येतील, कागद पहिल्यापासून वाचतील, म्हणजे अजून वर्षाची निश्चिंती. निकाल मला आजच द्यायचाय. पाचपर्यंत काकूनं ही कलबुतं आपलीच असल्याचं दाखवावं. नाही दाखवलं तर ज्याच्या दुकानातून उचलली त्याला परत.

काकूनं विचारलं, पाय आणले तर चालतील का?

 न्यायाधीश बाई चालतील म्हणाल्या.

आता पळापळ सुरू झाली. नणंद फोन घेऊन व्हरांड्यात. काकूकडे वहीबिही काही नाही, सगळी मापं डोक्यात. पण जोडे पोचवायला पूर्वी नणंद जायची, त्यामुळे कोण कुठं कामाला, कुणाचा जावई कुठल्या दुकानात, सगळं तिला तोंडपाठ. आवाज तर असा की फोनची गरजच नव्हती. पोस्टात लावला, आरागिरणीत लावला, शाळेत लावला. एकालाच समजावून सांगत बसायची नाही. म्हणायची, काकूचे पाय सापडलेत, तुमचे घेऊन या, कोर्टात, आत्ताच्या आत्ता. पलीकडचा माणूस काय समजायचा देव जाणे, पण हो म्हणायचा.

इकडे काकू कोर्टाच्या फरशीवर फतकल मारून बसली. न्यायाधीश बाईंनी बाकीची प्रकरणं पुढं चालू केली. वर घरभाड्याचं भांडण, खाली काकूचं काम. कारकून तिच्या शेजारी उकिडवा, देखरेख म्हणून, पण गाठी सोडायला त्याचेच हात लागले. काकू डोळे मिटायची, अंगठा टाचेवरून चवड्यावर न्यायची आणि बोलायची. हा दारवान. याचा उजवा बघा, टाच तिरकी असेल. नाही, हा नाही. तो, पलीकडचा. कारकून शोधून द्यायचा. सुरुवातीला घाबरत, मग घाईनं, मग असा की काकूनं टाच म्हणायच्या आत टाच पुढं. घरभाड्याच्या भांडणातला घरमालक आपली तक्रार सोडून यांच्याकडेच बघत राहिला. न्यायाधीश बाईंना त्याला दोनदा प्रश्न विचारावा लागला.

एक वाजेपर्यंत सगळ्या जोड्या लागल्या. आता डावा-उजवा शेजारी ठेवला की लहान पोरालाही हसू यावं असा विजोड. काकूचा चेहरा उजळला. कारकुनाच्या अंगात तर वारं शिरल्यासारखं झालं होतं.

अडीचला पहिलं गिऱ्हाईक आलं, शाळेतले निवृत्त मास्तर. मान ताठ, हातात छत्री. काकूनं त्यांची जोडी पुढं केली आणि सांगितलं की हे मास्तर, हा त्यांचा पाय, बघा लावून. मास्तरांनी विकतचा बूट काढला, मोजा काढला. न्यायाधीश बाईंनी कागद मागवला, मास्तरांच्या पायाची पेन्सिलीनं बाहेरची रेघ काढली आणि त्यावर कलबूत ठेवलं.

जुळेना.

रेघ सगळीकडून बाहेर. अंगठ्यापाशी तर बोटभर. चार वर्षांत मास्तरांना सांधेदुखीनं धरलं होतं, पाय सुजून त्याचा ठोकळा झाला होता. काकूनं तो पाय हातात घेतला आणि तिचं तोंडच उतरलं. वकिलानं कागद उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला. म्हणाला, गेल्या जन्मीचा पाय असेल. मास्तर, ज्यांनी अख्ख्या गावाचे कान पिळले होते, ते एक पाय उघडा टाकून पोरासारखे उभे. आपण हिचं सगळं घालवलं असं त्यांना वाटलं आणि खरंतर तसंच झालं होतं.

व्हरांड्यात तोवर पाच-सहा जण जमले होते. नणंद दारातून हातानं विचारत होती, पाठवू का पुढचा? काकूनं मान हलवली. नको. पुढचाही पाय बदललेला असणार, चार वर्षं चुकीच्या बुटात कोंबलेला. ती खाली बसली.  कारकून तिच्याकडे, घड्याळाकडे, परत तिच्याकडे. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात दारात पोस्टातली बाई आली. धावत आलेली, एका खांद्याला रिकामी पिशवी. तिची चाल काकूच्या कानावर पडली आणि काकूनं झटकन मान वर केली. तिच्या पायात विकतचा बूट नव्हता. काकूचाच जुना जोडा होता. तळ तीनदा बदललेला, कड उसवून परत टाचलेली, रंग कुठल्या काळी होता कोण जाणे. विकतच्यानं भोवऱ्या झाल्यावर तिनं अडगळीतून हाच बाहेर काढला होता.

काकू म्हणाली, जोडा काढा.

बाईनं काढला. काकूनं टेबलावरून तिची जोडी घेतली. त्यातलं डावं कलबूत म्हणजे दुकानदारानं केलेल्या तीन दिव्यांपैकी एक. वर भोक, भोकातून वायर, वायरीच्या टोकाला प्लग. काकूनं कारकुनाकडून पोलादी पट्टी मागून घेतली, टाचेच्या कडेला सरकवली, कलबूत तिरकं आत घातलं आणि गुडघ्यावर दाबलं. खप्प. असा आवाज झाला की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला. सुरकुतलेलं चामडं ताणून गुळगुळीत झालं, हाडाचा उंचवटा उंचवट्यात बसला, कुठं रेषभर फट नाही. जोड्यातून वायर बाहेर लोंबत होती आणि प्लग फरशीवर.

न्यायाधीश बाई खुर्चीतून पुढं वाकल्या. जोडा केव्हाचा? पोस्टातली बाई म्हणाली, फिरतीवर आले त्या वर्षीचा, सहा वर्षं होतील. म्हणजे चोरीच्या आधीचा? म्हणजे काय साहेब, चोरीनंतर हिनं कुठं नवा केलाय कुणाला.

वकिलाला हे एवढं सोपं पचणार नव्हतं. तो म्हणाला, जुनं चामडं रबरासारखं होतं, त्यात कुठलंही लाकूड जाईल. याच लांबीचं दुसऱ्या कुणाचं तरी डावं कलबूत घालून बघा. तेही जाईल. कारकुनानं पट्टीनं मोजून शोधून दिलं. लांबी खरंच तीच. वकिलानं स्वतःच घालायला घेतलं. चवड्यापर्यंत गेलं आणि अडलं. त्यानं जोर लावला. पोस्टातली बाई किंचाळलीच, फाडाल माझा जोडा, उद्या पत्रं कशावर टाकू. वकील ओढून काढायला गेला तर ते निघेना. शेवटी आरागिरणीवाल्यानं दारातून येऊन एका झटक्यात काढून दिलं.

यानंतर जो गोंधळ झाला त्याला कोर्ट म्हणणं अवघड आहे. नणंद व्हरांड्यात ओरडली, नुसते पाय नकोत, जोडे, जोडे घेऊन या. आधी आलेले तसेच उलटे धावत सुटले. दारवान घरी गेला आणि जळणाच्या फळकुटांखालून जोडे घेऊन आला. एकीच्या जोड्यात मांजरीनं पिल्लं घातली होती, तिनं पिल्लं टोपलीत काढून जोडा आणला आणि टोपलीही आणली, मांजर मागं लागेल म्हणून. आरागिरणीवाल्याच्या उजव्या पायाची दोन बोटं नव्हती. त्याचं कलबूतही तिथं तासलेलं. न्यायाधीश बाईंनी दुकानदाराला विचारलं, तुमच्या कारखान्यात आठ बोटांच्या गिऱ्हाइकांसाठी वेगळा विभाग होता का? दुकानदारानं वकिलाकडे पाहिलं. वकिलानं कागदात पाहिलं.

खप्प, खप्प, खप्प. काकूचे हात असे चालले की डोळे पोचत नव्हते. कारकून मोठ्यानं लेबलाचा आकडा सांगत होता, नणंद दारातून एकेकाला आत ढकलत होती. पाऊण तासात चौदा जोड्या. कुणाचा एकच जोडा उरलेला, कुणाचा तळ गायब, तरी कलबूत बसलं की सगळ्या बाकांवरून हुंकार यायचा. साडेचारला न्यायाधीश बाई व्यासपीठावरून खाली उतरल्या. एक कलबूत त्यांनी स्वतः उचललं, समोरच्या रांगेतल्या जोड्यांवरून नजर फिरवली, एक निवडला आणि घातला. बसेना. काकू अदबीनं म्हणाली, साहेब, तो डावा आहे. न्यायाधीश बाईंचे कान लाल झाले. त्यांनी उजवा शोधला, पट्टी लावली, दाबलं. खप्प. आणि त्या असं हसल्या की बदलीचा कागद मिळाल्यापासून तसं हसल्या नसाव्यात.

पाचला दहा कमी असताना निकाल झाला. वकिलानं शेवटचा एक प्रयत्न केला. म्हणाला, एकवीस जोड्या सिद्ध झाल्या, उरलेल्यांचे मालक आलेले नाहीत, तेवढ्या तरी आमच्या. न्यायाधीश बाईंनी काकूला विचारलं, ते का नाही आले? काकूनं बोटांवर मोजत सांगितलं. कुणी मेले, कुणी दुसऱ्या गावी गेले, एक तुरुंगात आहे, एकीनं माझ्याशी बोलणं टाकलंय. न्यायाधीश बाईंनी सिद्ध झालेलं एक आणि न झालेलं एक शेजारी ठेवून तळव्यावरच्या कानशीच्या रेघा बघितल्या. एकाच हाताच्या रेघा, एकाच बाजूला झुकलेल्या. सगळा माल फिर्यादीला परत. दुकानदार म्हणाला, निदान माझ्या वायरी तरी द्या. त्या मिळाल्या.

लोकांनी काय केलं म्हणता? टाळ्या वाजवायच्या तर हातात जोडे. त्यांनी जोड्यावर जोडा आपटला. शिपाई ओरडत राहिला, शांतता, शांतता, आणि त्याला कुणी विचारलं नाही.

मुद्देमालाच्या खोलीत पावती तयार होती. नग एकशे सव्वीस, सुस्थितीत मिळाले, सही. काकूनं वाचलं आणि पेन खाली ठेवलं. सुस्थितीत नाहीत, म्हणाली. तीन नगांना भोकं आहेत. नणंद वैतागली. चार वर्षं रडलीस, आता मिळालंय तर सही कर आणि चल, टेम्पोवाला शिव्या घालतोय. काकू हलेना. तेव्हा कारकुनानंच पावती ओढली, सुस्थितीत खोडलं आणि वर आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, तीन नग भोकासह. शेजारी आपली सही केली. मग नवी सुतळी घेऊन खाली बसला आणि म्हणाला, काकू, आता तुम्ही सांगाल तसंच बांधतो, मला कळतच नाही असं समजा.

बांधून होत आलं तेव्हा दारात मास्तर दिसले. एक पाय अजून उघडाच, बूट हातात. सगळा वेळ ते व्हरांड्यात बसून होते. त्यांनी घसा खाकरून विचारलं की यांचे सगळ्यांचे जोडे आता होतील, माझं काय? माझं कलबूत तर मला होत नाही. आणि म्हातारा तर आता नाही.

 काकूनं फरशीवरूनच हात पुढं केला, मास्तरांचा सुजलेला पाय ओढून मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ चाचपत राहिली. मास्तर जांभळे झाले. मग तिनं पुठ्ठ्याच्या लेबलाचा एक तुकडा फाडला, कलबुतावर अंगठ्यापाशी धरून बघितला, आणखी एक त्याच्यावर ठेवला, परत पाय दाबला, परत कलबूत. नणंदेकडे न बघता म्हणाली, लाकूड कमी करणं जमत नाही मला, पण चामड्याच्या चकत्या चिकटवून वाढवायला काय हरकत आहे. चार वर्षं टाचेखाली तेच करत होते की.

नणंद म्हणाली, रताळ्याला कोंब फुटायचे.

"फुटू देत. मास्तर, परवा या. आणि येताना ते विकतचं घालून येऊ नका, अनवाणी या."